दादाची शेवटची हजेरी

१

दादाला मारणाऱ्यानं एका घावावर भागवलं नव्हतं. पहिला तडाखा कानामागे बसला असावा, कारण लेथच्या कडेवर तोंड आपटल्याची खूण होती. दादा खाली कोसळल्यावरही तो भला मोठा पाना त्याच्या डोक्यावर पडतच राहिला होता, मारणाऱ्याचे हात भरून येईपर्यंत. डोक्याची उजवी बाजू ओळखू येत नव्हती. जमिनीवरच्या लोखंडाच्या किसात रक्त थिजून काळं पडलं होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसारखी आग होती.

फौजदारबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि बाकाकडे बघितलं. बाकावरच्या शिकंज्यात दादाचा मोबाईल धरलेला होता. नुसता धरलेला नव्हे, दांडा फिरवून फिरवून त्याचा पार भुगा केलेला. माणसाला मारणं समजू शकतं, मोबाईलनं कुणाचं काय घोडं मारलं होतं, असा विचार बाईंच्या मनात आला. तो तिथंच राहिला, कारण बाहेर आरडाओरडा वाढला होता.

बाहेर टायरच्या दुकानातली माणसं दादाच्या धाकट्या भावाला तुडवत होती. सुट्टीचा दिवस, रस्ता रिकामा. त्यात कोपरापर्यंत रक्तानं माखलेला धाकटा शेडमधून धावत बाहेर आला, आणि त्याचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. एकानं त्याचे केस धरले होते, दुसरा जॅकच्या दांड्यानं बरगड्या मोजत होता. बाईंनी काठी आडवी घालून पहिल्याचं मनगट सडकलं आणि दुसऱ्याच्या गुडघ्यावर मनापासून एक ठेवून दिली. बाईंचा स्वभाव तसा शांत, पण एकावर चौघे तुटून पडलेले दिसले की त्यांचं डोकं फिरायचं.

"मी मारलं नाही," धाकटा तुटलेले दात थुंकत म्हणाला. "मी आलो तेव्हा दादा असाच होता. मी नुसतं डोकं मांडीवर घेतलं."

साहेब तोवर गाडीतून उतरले होते. त्यांना प्रकरण लांबवायची हौस नव्हती. "काल संध्याकाळी दादा फोनवर ह्याच्याशीच भांडत होता, गल्लीनं ऐकलंय. आज हा रक्तात सापडला. आणखी काय हवंय? उद्या सकाळी मला वर कळवायचंय. आपला पैलवान रात्रीतून कबुली काढेल."

पैलवान म्हणजे चौकीतला आडदांड शिपाई. तो कबुली कशी काढतो, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं.

"डॉक्टर म्हणतात, शेड इतकी तापली होती की सकाळी मेला की दुपारी, ते छातीठोकपणे सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सकाळी मेला असेल तर भाऊ तेव्हा इथं नव्हताच."

तेवढ्यात ट्रक येऊन थांबला आणि दादाचा भागीदार उडी मारून उतरला. पॉवर प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच खाल्ली होती, म्हणून सगळी त्याला आठबोटे म्हणायची, आणि ती हाक ऐकून तोही ओ द्यायचा. सकाळी माल भरून तो ट्रकवाल्याबरोबर निघाला होता, तो आत्ता परत येत होता. दादाला बघून त्यानं शेडच्या खांबावर कपाळ बडवून घेतलं, कातडी फुटेपर्यंत.

"दुपारी जिवंत होता हो माझा दादा!" तो रडत म्हणाला. "मला त्या मोबाईलच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण बघा तुम्ही, आज दुपारी जेवणानंतर त्यानं खेळात हजेरी लावलीय!"

एका शिपायानं मोबाईलवर खेळ उघडला. त्या खेळात प्रत्येकाचं एक पान असतं, ते कुणालाही बघता येतं. दादाच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: तोफांच्या कारखान्यात नवी नोकरी धरली, आजचं काम केलं. वेळ दुपारची होती. तेव्हा आठबोटेचा ट्रक कितीतरी लांब होता, आणि इथं यायला निघाला होता तो फक्त धाकटा.

साहेबांनी टाळी वाजवली. "झालं तर मग!"

२

वहिनी, म्हणजे दादाची बायको, भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता.

"सवत होती ती माझी," ती म्हणाली. "मोबाईलात म्हणे एक जग आहे. तिथं गाव निवडायचं, तिथं राहायचं, त्याच गावात नोकरी धरायची. दिवसातून एकदा जेवायचं बटण दाबायचं आणि एकदा कामाचं. त्याला हे लोक हजेरी म्हणतात. इथं घरात मी जेवायला वाढून बसायचे, आणि हे तिथं पाव खायचे!"

"काल फोनवर काय भांडण झालं?"

"भावजींशीच बोलत होते. दोन वर्षं दोघांत अबोला होता. भावजी वर्कशॉप सोडून दुसऱ्या शहरात गेले, स्वतःचं काम काढलं, ते ह्यांना लागलं. पण त्या खेळात म्हणे भेट व्हायची. खेळातूनच हळूहळू बोलणं सुरू झालं. काल मात्र हे ओरडले, 'तो नाही तर मीही नाही! समजलं?' आणि फोन आपटला. मग पुन्हा फोन आला, तेव्हा हसत होते."

"तो म्हणजे कोण?"

"विचारलं मी. म्हणाले, उद्या सांगतो. आज सकाळी चहा पिताना मोबाईलवर बोट दाबून एकटेच हसले. म्हणाले, गाव बदललं. मी म्हटलं, बदला, माझी तेवढीच कटकट गेली." तिचा आवाज चिरकला. "हे माझं शेवटचं बोलणं."

बाई तिच्याशेजारी फरशीवर टेकल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कधी हजेरी चुकली होती त्यांची?"

"कधी नाही. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा धड शुद्धीवर नव्हते, तरी चुकली नाही. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न माझ्याबद्दल नाही, हजेरी लागली का! आणि लागली होती."

"तुम्ही लावली?"

"मी? मी त्या मोबाईलला हात लावला असता तो फोडायलाच."

"मग भावजींनी?"

"तेव्हा अबोला होता, म्हटलं ना." वहिनीनं बाईंचा हात घट्ट धरला. नखं रुतली. "भावजींनी मारलं असेल तर त्यांना माझ्यासमोर आणा, मी स्वतः त्यांचं डोकं फोडते. पण मारलं नसेल तर त्यांना वाचवा हो. माझ्या माणसांत आता तेवढंच एक माणूस उरलंय."

चौकीतून फोन आला तेव्हा बाई जिना उतरत होत्या. पैलवान कामाला लागला होता.

३

कोठडीत धाकट्याचे हात वर गजाला बांधले होते आणि पैलवान पट्टा हातावर गुंडाळून घाम पुसत होता. बाईंनी त्याच्या हातातून पट्टा हिसकावून घेतला. तो म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे. बाई म्हणाल्या, माझाही एक हुकूम आहे, चहा पिऊन ये. त्यांचा चेहरा बघून पैलवान निमूटपणे गेला.

धाकट्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता. बाईंनी दोर सोडला, त्याला पाणी पाजलं. पाणी लाल होऊन परत आलं.

"मला तुमचा खेळ समजावून सांगा," बाई म्हणाल्या.

त्याही अवस्थेत तो हसला. "आत्ता?"

"आत्ताच. दादा गाव बदलून कुठं गेला?"

"माझ्याकडे. बंदरात." तो थांबत थांबत बोलू लागला. "दादा इतकी वर्षं लोखंडाच्या गावात राहायचा, तिथल्याच खाणीत नोकरी. एकदा धरली ती धरली. पण गाव सोडलं की नोकरी सुटते. नव्या गावात नवी शोधावी लागते. माझी तिथं छोटी बेकरी आहे. बंदरात पाव फार महाग, म्हणून तर बेकरी काढली. दादा म्हणाला, आधी खेळात तुझ्याजवळ राहून बघतो. जमलं तर वर्कशॉप विकून खरोखरच तुझ्या शहरात येतो."

"म्हणजे दादा तुमच्या बेकरीत काम करणार होता?"

"मी जागा काढून ठेवली होती. त्यानं दुपारी माझ्यासमोर धरायची, असं ठरलं होतं. त्यासाठीच आलो होतो."

"पण त्यानं दुपारी बेकरी धरली नाही. तोफांच्या कारखान्यात नोकरी धरली."

धाकट्याचा उघडा डोळा मोठा झाला. "भट्टीवाल्यांच्या कारखान्यात? काहीतरीच काय! त्या टोळीनं लढाईत दादाचं गाव तीनदा जाळलंय. उपाशी राहील, पण त्यांच्या दारात उभा राहणार नाही. शिवाय तिथला पगार नुसता दिसायला मोठा. कर जातो, पाव महाग, हातात काही उरत नाही. जुना खेळाडू तिकडे फिरकत नाही."

बाईंनी पुढे वाकून विचारलं, "काल दादा फोनवर ओरडला, तो नाही तर मीही नाही. तो कोण?"

धाकट्यानं मान खाली घातली. "त्यात चूक माझी होती. मी म्हटलं होतं, त्याला कशाला..." तेवढं बोलला आणि त्याची मान तशीच लटकली. बाईंनी गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. तो शुद्धीवर नव्हता.

४

त्याला दवाखान्यात हलवायला साहेबांनी साफ नकार दिला. कोठडीतच डॉक्टर आला. बाई घरी आल्या त्या धुमसतच. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि मोबाईलवर खेळ उघडला.

"काय ग ते?" सासूबाईंनी चष्मा पुसत विचारलं.

"विचारतंय, कुठल्या गावात राहणार."

"तुला इथं काय कमी आहे?"

बाईंनी बंदराचं गाव निवडलं. लगेच दुसरा प्रश्न आला, कुठं काम करणार? खाली नोकऱ्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत तोफांचा कारखाना होता.

"अगं, पगार बघ की केवढा!" सासूबाई हरखल्या. "घे पहिलीच. त्यात विचार काय करायचाय?"

बाईंनी बटण दाबलं. काम केलं. मग जेवायचं बटण दाबलं तर पाव घ्यायलाच पुरेसे पैसे नव्हते.

"उपाशी राहिलीस होय!" सासूबाई खो खो हसल्या. "बरी खोड मोडली!"

बाई मात्र हसल्या नाहीत. ज्यानं दुपारी दादाच्या नावानं नोकरी धरली, त्यानं सासूबाईंसारखंच केलं होतं. वरची पहिली जागा दिसली आणि घेतली. दादानं असं केलं नसतं, कारण त्याला भट्टीवाल्यांचा तिटकारा होता. धाकट्यानं केलं नसतं, कारण त्याची स्वतःची बेकरी तिथंच होती. हे केलं होतं नवख्या माणसानं. पण हा नवखा असा होता की दादाच्या नावानं खेळ उघडणं त्याला जमत होतं, आणि हजेरी कशी लावतात तेही माहीत होतं. म्हणजे दादा दवाखान्यात बेशुद्ध असताना ज्यानं रोज बटण दाबलं, तोच. तेव्हा लोखंडाच्या गावात नोकरी ठरलेली होती. नुसतं जेवायचं आणि कामाचं बटण दाबलं की संपलं. कुठं राहायचं, कुठं काम करायचं, हे निवडायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

आणि दुपारची हजेरी बघा, असं पोलिसांना सांगितलं कुणी? ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यानं!

बाई बोटानं नोकऱ्या खाली सरकवत गेल्या. सगळ्यात तळाशी, सगळ्यात कमी पगाराची, धाकट्याची बेकरी होती. तिच्यापुढे धाकट्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या बाईंनी दोनदा वाचल्या. आता काल फोनवरचा 'तो' कोण, हे विचारायची गरज उरली नव्हती.

फोन वाजला. साहेब खुशीत होते. "कबुली दिली बरं का तुमच्या गरिबानं. सकाळी सही घेतो."

५

सकाळी उजाडताच बाईंनी ट्रकवाल्याला गाठलं. तो गाडीखाली झोपून नट आवळत होता.

"काल निघताना दादाला बघितलंत?"

"नाही बुवा. मी हाक मारायला चाललो होतो, तर आठबोटे म्हणाला, नको, तो खेळात गुंगलाय, ओरडेल. त्यानंच शटर अर्धं ओढलं आणि गाडीत चढला. नवा शर्ट घालून आला होता. मी म्हटलं, माल टाकायला चाललायस की बघायला चाललायस मुलगी?"

"आणि दुपारी?"

"दुपारी चहाला थांबलो. हा पठ्ठ्या मोबाईल घेऊन लांब जाऊन बसला. बराच वेळ. परत आला तेव्हा घामाघूम. म्हटलं, काय रे? तर म्हणाला, काही नाही, नेट मिळत नव्हतं."

नेट मिळत होतं, बाईंच्या मनात आलं. नोकरी मिळत नव्हती. रोजच्यासारखं बटण दाबायला गेला, तर पडद्यावर प्रश्न आला: तुम्हाला काम नाही, काम निवडा.

६

दादाची राख निवली नव्हती आणि आठबोटे एकटाच पॉवर प्रेस चालवत होता. दणदण आवाजानं पत्रे हलत होते. बाईंनी आत शिरताच दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला.

"ह्या आवाजात बोलता येत नाही," त्या म्हणाल्या.

"हात रिकामा राहिला की वेड लागतं, बाई." त्याच्या कपाळावर कालची जखम होती. प्रेसचं मोठं चाक हळूहळू फिरत थांबत होतं.

"तुमचा मोबाईल द्या."

त्यानं दिला, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही. बाईंनी खेळ उघडला. नावाच्या जागी आपोआप दादाचं नाव उमटलं.

"ओ की ठो कळत नाही ना?"

आठबोटेनं एक पाऊल मागं घेतलं. मग त्यानं बाकावरची लोखंडी सळई उचलली आणि बाईंच्या डोक्यावर घातली. बाई वळल्या म्हणून वाचल्या. सळई खांद्यावर बसली आणि हाड कडकन वाजलं. दुसरा वार येण्याआधी त्यांनी डाव्या हातानं काठी त्याच्या तोंडावर हाणली. नाकातून रक्ताची धार लागली, तो लेथला धडकला. बाईंनी काठीचं टोक त्याच्या गळ्यावर दाबलं. दोघेही धापा टाकत होते.

"का मारलंस?" बाईंचं अहोजाहो आता संपलं होतं.

"विकणार होता!" तो किंचाळला. "परवा मी दादाच्या घराबाहेर उभा होतो. फोनवर म्हणाला, सगळं विकतो, येतो तुझ्याकडे. मी तिथूनच घरी गेलो, पुढचं ऐकवेना. काल सकाळी विचारलं, खरं का? तर मोबाईल पुढे करून मला दाखवलं. म्हणाला, हे बघ, गाव बदललं! हसत होता, बाई! मी म्हटलं, आणि माझं काय? तर म्हणतो, संध्याकाळी सांगतो, आधी माल टाकून ये." त्यानं तीन बोटांचा उजवा हात बाईंपुढे धरला. "ही ह्या प्रेसला दिली मी. मला कोण ठेवून घेणार? त्याला गाव बदलायला एक बटण पुरतं. मी कुठं जाऊ? डोक्यात नुसतं ते हसणं होतं. पाना हातात होता. मारला. तरी हसतोय असंच वाटत होतं, म्हणून मारत राहिलो. मग तो मोबाईल धरला शिकंज्यात."

"आणि भावावर ढकललंस."

"भावानंच नेला त्याला. त्याचं मला काही वाटलं नाही."

बाईंनी काठी खाली घेतली. हे दाखवावं की नाही, असा विचार त्यांनी वाटेत पुष्कळ केला होता. मग कोठडीतला, गजाला बांधलेला धाकटा डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल आठबोटेच्या हातात दिला.

"तू दादासाठी काम निवडलंस ना? ती सगळी यादी खाली सरकव. अगदी तळाशी जा."

रक्तानं माखलेल्या बोटानं तो सरकवत गेला. बेकरी आली. खाली धाकट्यानं लिहिलं होतं:

'जागा दोन. एक माझ्या दादाची, दुसरी त्याच्या आठबोटेची. दादाचा हट्ट आहे, दोघं आले तरच येणार. इतरांनी विचारू नये.'

"धाकटा नको म्हणत होता तुला," बाई म्हणाल्या. "म्हणून परवा दादा ओरडला. तो नाही तर मीही नाही, असं. ते तू ऐकलं नाहीस, घरी गेला होतास. काल संध्याकाळी तुला हेच सांगणार होता."

आठबोटेनं ते पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, लहान मुलासारखे. मग मोबाईल त्यानं नीट बाकावर ठेवला, प्रेसपाशी गेला, दोन्ही हात मनगटापर्यंत साच्याखाली घातले आणि पेडलवर सगळा भार टाकून पाय दाबला.

काही झालं नाही. चाक केव्हाच थांबलं होतं.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा पुन्हा दाबत राहिला. शेवटी बाईंनी एका हातानं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. तो जमिनीवर बसला, त्या लोखंडाच्या किसात, दादा पडला होता त्याच जागी. बाहेर शिपायांची गाडी लागली. धाकट्याला सोडायचा निरोप बाईंनी तिथूनच चौकीवर दिला आणि साहेबांना चार शब्द असे सुनावले की ते नुसतं बरं म्हणाले. वहिनी चौकीच्या दारात कालपासून बसूनच होती.

बेड्या घालताना शिपाई अडला. उजवा पंजा दोन बोटांविना अरुंद होता, कडी निसटत होती. आठबोटेनं स्वतःच तो हात पुढे धरून ठेवला.

"मी पहिलीच जागा घेतली, बाई," तो म्हणाला. "खाली बघितलंच नाही."